कचेरीनं परत केलेलं लोणचं

नुकुमिझु, यामागाता
१२ ऑक्टोबर

नोबुए ताई,

डोंगर लाल झालाय, सकाळी हात गारठतात. हवेचं लिहून झालं, आता कामाचं.

संत्र्यांची पेटी पोचली. वरची दोन नासली होती. बाकीची आंबट आहेत, पण खाते. तुझी संत्री कधी गोड होती?

नोरिआकी आला होता साइतामाहून. आला म्हणजे काय, बूट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात. "आई, हे घर आहे का बर्फाचं कोठार?" म्हटलं, तू याच कोठारात वाढलास, चांगला बैलासारखा झालास. तर म्हणे, "ते वेगळं. आता तू अठ्ठ्याहत्तरची आहेस." जसं काही मला माहीत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी न्हाणीघरात जरा खाली बसले होते, पाय घसरला म्हणून. तेवढ्यावरून यानं डोक्यात राख घालून घेतलीय. म्हणतो, नवीन वर्षाच्या आत घर गरम झालं नाही तर चल माझ्याकडे. चौथा मजला, लिफ्टच्या शेजारची खोली. बघून आलेय मी ती. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते, आणि त्या खिडकीतून एक मांजर माझ्याकडे बघतं. त्या मांजराकडे बघत मी मरू?

घर गरम करायचं म्हणजे काय, तर आहे त्या खिडक्यांच्या आत आणखी एक खिडकी बसवायची, आणि फरशीखाली लोकरीसारखं काहीतरी भरायचं. खर्च सांगितला तेव्हा मी चहा सांडला. तर हसला आणि म्हणाला, निम्म्याहून जास्त सरकार देतं, वर आपली गावची कचेरीही देते, म्हाताऱ्यांना जास्तच देते. कागद पण आणले होते.

मी सांगितलं, नाही. फुकटचं घेणार नाही.

"फुकटचं नाही आई, योजना आहे."

योजना का असेना. कुणी काही दिलं की महिन्याभरात निम्म्या मोलाचं परत करायचं, हे मला कुणी शिकवायला नको. नवरा गेला तेव्हा ज्यानं ज्यानं पैशांचं पाकीट दिलं त्याच्या घरी मी चहाचा डबा आणि टॉवेल पोचवलाय. एकही घर सोडलं नाही. आता कचेरीला निम्म्या मोलाचं काय देऊ? बैल? तोही नाही.

तर असं आहे. मी अंगात आणखी एक बंडी घालीन, खिडकीत वर्तमानपत्रं कोंबीन. पन्नास वर्षं तेच केलं.

पायाला लावायचं मलम पाठव, तुमच्याकडचं. इथलं नुसतं वास मारतं.

ताकेयो


शिओनोउरा, एहिमे
२० ऑक्टोबर

ताके,

मलम पाठवलंय, पेटीच्या तळाशी आहे. संत्री या वेळी गोड आहेत, तरी तू आंबटच म्हणशील. सूतगिरणीच्या खानावळीतही तू प्रत्येक भाताला कच्चा म्हणायचीस आणि दोन वाट्या खायचीस.

पाय घसरला म्हणतेस. बरं. नोरिआकीनं मला फोन केला होता. तू न्हाणीघराबाहेर, कपडे बदलायच्या जागेत उघडी पडली होतीस, शुद्ध नव्हती, आणि शेजारची तोमेकाकू शेतातले मुळे द्यायला आली म्हणून वाचलीस, हे तू मला आठ महिने सांगितलं नाहीस. मी काय परकी झाले? गिरणीच्या वसतिगृहातल्या आपल्या खोलीत सहाजणी होतो. आता पत्र लिहायला मला तूच उरलीस, आणि तू मला खोटं लिहितेस.

डॉक्टरला विचारलं मी. म्हणे, कडाक्याच्या थंडीत कपडे काढायचे, मग कढत पाण्यात बसायचं, मग परत थंडीत. तरण्यांचंही काळीज दचकतं, म्हातारीचं तर बंदच पडतं. बंडी घालून अंघोळ करणार आहेस का?

आता तुझ्या परतफेडीचं. अगं, आमच्याकडे मी गेल्याच वर्षी बसवल्या आतल्या खिडक्या. इथे थंडी नाही, पण ऊन आहे. पश्चिमेच्या खोलीत उन्हाळ्यात बसवत नव्हतं. कचेरीनं पैसे दिले. मग मी संत्र्यांची एक पेटी नेऊन दिली. साहेब उठून उभा राहिला, कमरेत वाकला, दोन्ही हातांनी घेतली. झालं. फिटलं. तूही दे काहीतरी. यात एवढं अडून बसायचं काय आहे?

माझे गुडघे दुखतात, पण ते नेहमीचंच.

नोबुए


नुकुमिझु
२ नोव्हेंबर

ताई,

हे आधी का नाही सांगितलंस? मी उगाच नोरिआकीशी भांडले. घेतात तर देऊ. एवढं सोपं असताना तो मला योजना योजना करत बसला.

आणि हो, पडले होते. झालं समाधान? तोमेकाकूनं मला टॉवेलात गुंडाळलं, आणि पहिलं काय म्हणाली माहितेय? "मुळे कुठे ठेवू?" सत्त्याऐंशीची आहे, तिला मुळ्यांची काळजी. सांगायचं राहून गेलं असं नाही. सांगितलं नाही.

दुसऱ्याच दिवशी कचेरीत गेले. तिथे कुनिई नावाचा माणूस आहे, पन्नाशीचा, सदा सर्दी झालेला. म्हणाला, "आजी, हा कागद भरा." भरला. "आता हा." भरला. तिसरा पुढे केला तेव्हा मी म्हटलं, "कुनिईसाहेब, मी खिडकी मागतेय, नवरा नाही." मागच्या टेबलावरच्या बाया हसल्या. तो नाही हसला. नाक पुसलं आणि तिसरा कागद स्वतः भरला. वाईट माणूस नाही.

वर म्हणे, मंजुरी येईपर्यंत एक खिळासुद्धा ठोकायचा नाही. ठोकला तर पैसे नाहीत. आणि आधीचे फोटो लागतात. म्हणजे माझ्या खिडक्या किती वाईट आहेत याचे फोटो.

फोटो काढायला तो स्वतः आला. तो यायच्या आधी मी सगळ्या खिडक्या पुसल्या, वर्तमानपत्रं काढून टाकली, खिडक्यांच्या आतल्या सरकत्या पडद्यांचा फाटका कागद बदलला, पांढरा अ‍ॅप्रन घातला, केस नीट केले. तोमेकाकूही आली, तिनंही अ‍ॅप्रन घातला. कुनिई कॅमेरा धरून उभा आणि आम्ही दोघी खिडकीच्या दोन बाजूंना.

"आजी, जरा बाजूला व्हाल का?"

"का? आम्ही वाईट दिसतो?"

"तसं नाही. फोटो खिडकीचा हवाय."

"मग खिडकी कुणाची आहे ते कळायला नको?"

तर त्याच्या फायलीत आता प्रत्येक खिडकीत आम्ही दोघी आहोत. आणि तो म्हणतो, खिडक्या इतक्या स्वच्छ का केल्या, वारा कुठून येतो ते दिसायला हवं होतं. मी म्हटलं, हात लावून बघा. त्यानं चौकटीला हात लावला आणि लगेच खिशात घातला. "दिसलं," म्हणाला.

सुतार ओरिहारा काम करणार. त्याच्याकडे सरकारी परवाना आहे. त्याच्या सुनेनं काढून दिलाय, त्याला स्वतःला माहीत नव्हतं.

परतफेडीचं ठरवलंय. मुळ्याचं लोणचं घालते आजच, एक अख्खं पिंप.

ताकेयो


शिओनोउरा
१० नोव्हेंबर

ताके,

लोणच्याची एवढी घाई कशाला करतेस? आधी खिडक्या तर बसू देत.

शिवाय प्रत्येक कचेरीचं वेगळं असतं. आमची कचेरी लहान, बंदराजवळची, माणसं घरातल्यासारखी. तुमच्याकडे कसं असेल कुणास ठाऊक. कदाचित त्यांना काहीच नको असेल. नुसतं "आभारी आहे" म्हटलं तरी चालत असेल. मला तर वाटतं तेवढंच बरं. आणि लोणच्याला वास येतो गं, कचेरीत कागद असतात.

माझं ऐक, काही देऊ नकोस. म्हणजे आत्ता तरी. वसंतात बघू.

या आठवड्यात वाऱ्यानं फांद्या मोडल्या. मुलगा म्हणतो बाग कमी करू. मी म्हटलं, मी असेपर्यंत नाही. आपण दोघी सारख्याच.

नोबुए


नुकुमिझु
५ डिसेंबर

ताई,

तुझं कळलं. नको नको म्हणजे नुसतं लोणचं कमी पडेल, असंच ना? सरळ लिहायचं की. मी वाढवलं सगळं.

आधी घराचं सांगते. ओरिहारा आणि त्याचा भाऊ आले, चार दिवस ठोकाठोक केली. फरशी उचलली तर खाली आमच्या सासऱ्यांची हरवलेली चिलीम सापडली. तीस वर्षं सासूबाई माझ्यावर संशय घेत होत्या, आता कुणाला दाखवू? खिडक्या बसल्या. दोन काचा, मधे हवा. मी म्हटलं, हवा तर आधीही येत होती, फुकट. ओरिहारा म्हणाला, "ती पळती हवा, ही बसलेली."

आणि ताई, खरं सांगते, पहिल्या सकाळी मला कळेना काय बिघडलंय. बाहेर गुडघाभर बर्फ आणि माझं नाक गार नाही. नवऱ्याच्या फोटोपुढे पाण्याची वाटी ठेवते ना, ती दरवर्षी डिसेंबरात गोठते. मी चमच्यानं बर्फ फोडते आणि म्हणते, घे, चघळ. या वेळी पाणीच होतं. मी उभ्या उभ्या बघत राहिले. मेल्यावर का होईना, माणसाला हिवाळ्यात प्यायला पाणी मिळालं.

न्हाणीघरात कपडे काढताना दात वाजले नाहीत. नोरिआकीला फोन केला तर म्हणतो, "बघू. जानेवारीत टिकतं का ते बघू." त्याला अजून वाटतंय मला नेता येईल.

कचेरीचे पैसे काल खात्यात आले. कुनिईनं धावपळ करून लवकर आणले म्हणे. तर मीही उशीर केला नाही. आजच तोमेकाकूच्या पुतण्याच्या छोट्या ट्रकमधे सगळं चढवलं. लोणच्याचं पिंप, नव्या तांदळाचं पोतं, आणि ओसरीत वाळत घातलेल्या काकीफळांच्या माळा, सगळ्या. तुझ्या सांगण्यावरून काकीफळं जास्तीची. कुनिई जेवायला गेला होता. मी कचेरीत, अर्ज घ्यायच्या खिडकीपाशी सगळं रचलं, "ताकेयोकडून, निम्मं" म्हणून चिठ्ठी लावली आणि कुणी काही बोलायच्या आत निघाले. मागून कुणीतरी "आजी, आजी" करत होतं. तसं म्हणावंच लागतं. आपणही आधी दोनदा नको म्हणतोच की.

फार हलकं वाटतंय. कुणाचं देणं नाही, घर माझं, खिडक्या माझ्या. आता मला इथून कोण हलवतंय ते बघते.

ताकेयो


नुकुमिझु
९ डिसेंबर

ताई,

सगळं परत आलं.

कुनिई स्वतः घेऊन आला, सरकारी गाडीतून. दारात, आतल्या पायरीवर गुडघे टेकून बसला आणि कपाळ टेकलं. म्हणाला, "आजी, नियम आहे. कचेरीला कुणाकडून काही घेता येत नाही. एक फळसुद्धा नाही. कृपा करून परत घ्या." पिंप, पोतं, माळा, सगळं दारात मांडलं. माझी चिठ्ठीही परत केली, घडी घालून.

मी म्हटलं, एहिमेत घेतात. तो म्हणाला, "एहिमेचं मला माहीत नाही."

तुला सांगायला नको, आपल्याकडे परतफेड परत पाठवली की त्याचा अर्थ काय होतो. तुझ्याशी संबंध नको, असाच होतो. माझ्या मावससासूनं एकदा टॉवेल परत पाठवला, त्यानंतर दोन्ही घरांनी एकमेकांच्या मयतालाही तोंड दाखवलं नाही.

त्यांनी माझं घ्यायचं नाही आणि मी त्यांचं ठेवायचं, असं होत नाही. पैसे काढून फडक्यात बांधून ठेवलेत. सोमवारी कचेरीत नेऊन ठेवते. मग ओरिहाराचे उरलेले कुठून देऊ? ओढ्याकाठचा शेताचा तुकडा विकीन. आणि शेत गेलं की या घरात बसून मी काय करू? खिडकीतून बर्फ मोजू?

नोरिआकीला फोन केला. ये म्हटलं, वर्षाअखेरीस गाडी घेऊन ये. तो म्हणाला, "बरं, गाडी बघतो." एवढंच. मला वाटलं होतं आनंदानं ओरडेल.

तुझं खरं ठरलं. काही द्यायला नको होतं. पण मग घ्यायलाही नको होतं.

ताकेयो


शिओनोउरा
१२ डिसेंबर, तातडीचं टपाल

ताके,

थांब. पैसे कचेरीत नेऊ नकोस. हे वाचायच्या आत नेले असलेस तर परत घेऊन ये.

माझ्याकडे आतल्या खिडक्या नाहीत. मी कचेरीकडून काही घेतलं नाही, कुणाला संत्री दिली नाहीत, कुणी साहेब वाकला नाही. मी सगळं बनवून लिहिलं. तू परतफेडीवर अडून बसली होतीस, ऐकत नव्हतीस, आणि मला तू न्हाणीघरात पडलेली दिसत होतीस. म्हटलं, एकदा खिडक्या बसू देत, मग बघू. मग तू लोणचं घातलंस. मी नको नको म्हणत लिहिलं तर तू काकीफळं वाढवलीस! माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते. पोस्टमन आला की मी बागेत जायची.

शिव्या दे, मी ऐकीन. पण त्याआधी हे ऐक.

आपण पंधराव्या वर्षी गिरणीत गेलो. पहिला पगार हातात आला तेव्हा त्यातून कापलेले पैसे बघून तू रडली होतीस, आठवतं? पर्यवेक्षकाला विचारलंस, "हे कोण घेऊन गेलं?" तो म्हणाला, सरकार. तू म्हणालीस, "ते सरकार मला काय देणार?" तो हसला. तेव्हापासून तू देतेयस. गिरणीत दिलंस, पॅकिंगच्या शेडमधे दिलंस, शेतावर दिलंस, मिठाच्या पुडीवरही दिलंस. साठ वर्षांहून जास्त झाली.

आता सांग, आधी कुणी दिलं? तू. मग आता हे पैसे आलेत ते काय आहे? ही त्यांची परतफेड आहे, ताके. उशिरा आली, साठ वर्षांनी आली, पण आली. आणि निम्मीसुद्धा नाही.

परतफेडीची परतफेड कुणी करतं का? तुझ्या मावससासूच्या घरी तू टॉवेल दिलास, त्यावर तिनं उलट साबण पाठवला असता तर तू काय म्हणाली असतीस? वेड लागलंय बाईला, म्हणाली असतीस. तेच कुनिई तुझ्याबद्दल म्हणत असेल, फक्त नाक पुसत.

शेत विकू नकोस. साइतामाला गेलीस तर तू तिथे कुणाशी भांडशील? सून शहाणी आहे, भांडत नाही. तू गप्प होशील. तू गप्प झालीस तर मला कोण आंबट म्हणणार?

नोबुए


नुकुमिझु
२० डिसेंबर

नोबुए,

ताई म्हणणार नाही आज. खोटारडी.

तुझं पत्र मी दारात उभी राहून वाचलं आणि इतकं मोठ्यानं ओरडले की तोमेकाकू पलीकडून फावडं घेऊन आली. तिला वाटलं अस्वल. तिला वाचून दाखवलं. ती हसली, हसली, मग म्हणाली, "तुझी मैत्रीण खोटारडी आहे, पण हुशार आहे." मी म्हटलं, दोन्ही आहे, आणि संत्री आंबट.

पैसे मी तोपर्यंत नेऊन ठेवले होते. म्हणजे ठेवायला गेले होते. कुनिई म्हणाला, "आजी, घ्यायचा कागद आहे, परत द्यायचाही आहे, पण त्याला कारण लागतं. तुमचं कारण काय लिहू? लोणचं?" मी म्हटलं, लिहा, लोणचं. त्यानं लिहिलं नाही. म्हणाला, घरी जा, आठवडाभर विचार करा. फडकं मी घेऊन आले, पण मन तिथेच होतं.

तुझं पत्र वाचलं तशी उठले आणि पुन्हा कचेरीत. मला बघून कुनिईनं आधी माझ्या हातात काही आहे का ते बघितलं. काही नव्हतं.

मी विचारलं, "कुनिईसाहेब, हे जे पैसे मला मिळाले, ते माझ्याच भरलेल्या पैशांतून परत आलेत का?"

तो विचारात पडला. "तसं म्हणता येईल."

"येईल नको. म्हणा."

"आजी, कराचा पैसा एकत्र जातो, त्यातून..."

"मी पंधराव्या वर्षापासून भरतेय. आधी मी दिलं का तुम्ही?"

त्यानं डोकं खाजवलं. मागच्या बाया काम थांबवून ऐकत होत्या. मग तो उठला, टेबलाला वळसा घालून बाहेर आला, कोट नीट केला आणि कमरेत वाकला. सर्दी झालेल्या आवाजात म्हणाला, "ताकेयोआजी, इतकी वर्षं तुम्ही दिलंत. उशीर झाला. हे घ्या."

बास. एवढंच हवं होतं. हे पहिल्या दिवशी म्हटलं असतं तर तीन कागद आणि एक पिंप वाचलं असतं.

मग मी म्हटलं, फिटलं तर फिटलं, आता माझ्या घरी चहाला या. तो घाबरला. "नियम..." म्हणाला. मी म्हटलं, चहालाही नियम आहे? काम झाल्यावर तपासायला यायचंच आहे ना? तपासायला आलात आणि मी पाणीसुद्धा विचारलं नाही तर गाव माझ्या तोंडात शेण घालेल. त्यानं पुस्तकात बघितलं. चहा चालतो. आणि यामागातात चहाबरोबर लोणचं येतंच, त्याला कुणी देणं म्हणत नाही, त्याला चहा म्हणतात.

मंगळवारी आला. खिडक्या मोजल्या, फोटो काढले. या वेळी आम्ही दोघी कोतात्सूच्या, त्या शेगडीवाल्या बैठ्या मेजाच्या, रजईखाली पाय घालून बसलो होतो, उठलो नाही, तरी फोटोत आलोच. मग बसला. पहिला तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, कोट काढला, मग स्वेटर काढला. अर्धा वाडगा संपला. म्हणाला, "आजी, इथे माझं नाक गळत नाहीये." खरंच, तासभर त्यानं रुमाल काढला नाही. त्याचं घर म्हणे आपल्या घरासारखंच, म्हणजे आधीच्यासारखं. लोकांना देतो आणि स्वतः कुडकुडतो. मी विचारलं, तुम्ही का नाही घेत? म्हणतो, "मी कचेरीतला. लोक काय म्हणतील?" अडाणीपणा काय फक्त अडाण्यांकडेच असतो?

तोमेकाकूनं तिथेच अंगठा पुढे केला. म्हणाली, माझाही कागद भर, मलाही बसलेली हवा पाहिजे. आता वाडीतल्या इतर म्हाताऱ्याही येतात, चहाला म्हणून, आणि खिडकीला गाल लावून बघतात. मी प्रत्येकीला विचारते, किती वर्षं कर भरलास? मग सही कर.

एकच अडचण. नोरिआकी. त्याला फोन केला, येऊ नकोस न्यायला म्हणून. म्हणतो, "मी मोठी गाडी ठरवलीय. तूच बोलावलंस." मी म्हटलं, मन बदललं. तो म्हणाला, "आई, तू हे सगळं हट्टानं म्हणतेस. थंडी असेल तर सांगणार नाहीस, गेल्या वेळीही सांगितलं नाहीस. मी येऊन बघणार, आणि मला पटलं नाही तर नेणार." यात तो चुकला असं म्हणता येत नाही. मी खोटं बोलले होते. आपण दोघीही.

तर एकतीस तारखेला येतोय. त्याच्या मनात काय आहे ते मला दिसत नाही.

ताकेयो


नुकुमिझु
५ जानेवारी

नोबुए ताई,

नवीन वर्षाचं जे काय म्हणतात ते सगळं तुला.

नोरिआकी आला. एवढी मोठी गाडी, आणि आत घड्या घातलेली खोकी, सामान भरायची. मी खोकी मोजली आणि म्हटलं, "एवढ्यात काय नेणार आहेस, घर?"

बाहेर त्या दिवशी या हिवाळ्यातला सगळ्यात वाईट बर्फ. वाऱ्यानं समोरचं झाड दिसत नव्हतं. मला वाटलं, हे बरंच झालं, आणि मग वाटलं, हे वाईट झालं, कारण आज कुठेतरी वारा आत शिरला तर संपलंच.

त्यानं खिशातून थर्मामीटर काढला, घरभर फिरला. प्रत्येक चौकटीवरून तळहात फिरवला, कोनाड्यात, फरशीवर, जिन्याखाली. डॉक्टर माणसाचं पोट चाचपतो तसा. मी स्वयंपाकघरात सोबा उकळत होते. त्याला नाही, शेवयांना बघत होते.

मग म्हणाला, "अंघोळ करतो."

मला कळलं. तिथेच बघणार होता तो, जिथे मी पडले होते.

गेला. दार लावलं. पाण्याचा आवाज नाही. बराच वेळ नाही. सोबा फुगायला लागला. मी दाराशी जाऊन म्हटलं, "अरे, पडलास का काय?"

आतून म्हणाला, "नाही. उभा आहे."

"कपडे घालून?"

"काढून. बघतोय किती वेळ उभं राहवतं ते."

"मग?"

तर म्हणाला, "आई, मी तुला इथेच पडलेली बघितली नव्हती. पण रोज डोळ्यांसमोर बघायचो." आवाज वेगळा होता. मी दाराबाहेर, तो दाराआत नागडा, चौपन्न वर्षांचा. मी म्हटलं, "सोबा फुगतोय."

अंघोळ करून बाहेर आला तेव्हा लाल झाला होता, लहानपणी व्हायचा तसा. एक वाडगा खाल्ला, दुसरा खाल्ला. आणि खाता खाता बसल्या जागी कलंडला. गाडी चालवून दमला होता, आणि खोली गरम. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. पहिल्या तारखेला माणसं देवळात जातात, हा घोरत होता. तोमेकाकू आली, वाकून बघून म्हणाली, "हा तुला न्यायला आलाय का तू याला ठेवून घेतलंस?"

उठल्यावर म्हणतो, "आमच्याकडे खिडक्यांना सकाळी पाणी सुटतं. फडक्यानं पुसावं लागतं." मी लोणचं वाढलं. मग म्हणतो, "कुनिईंचा नंबर आहे का? विचारून बघतो, साइतामालाही मिळतं का ते." मी म्हटलं, तू किती वर्षं कर भरतोस? तो म्हणाला, तीस. मी म्हटलं, मग लाजू नकोस.

काल गेला. न्यायच्या गोष्टीचा शब्द काढला नाही, मीही काढला नाही. जाताना खोकी उघडली आणि स्वतःच भरायला लागला. तांदूळ, लोणचं, बटाटे, मुळे. सून वास येतो म्हणेल, म्हणू दे. गाडी वळणावर गेली तरी मी दारात उभी होते, बर्फात, आणि मग आत आले, दार लावलं, आणि बंडी काढून ठेवली.

तूही आता पश्चिमेच्या खोलीत बसव खिडक्या. खरोखरच्या. या वेळी बनवून लिहिलंस तर मी तिथे येऊन बघीन, थर्मामीटर घेऊन, मुलाकडून शिकलेय.

आणि तुला आता विचारायची गरज नाही, पण लिहून ठेवते. मला पत्र पाठवायचं तर पत्ता बदलू नकोस. नुकुमिझु, यामागाता. इथेच आहे.

ताकेयो